बारा माणसं आणि एक शांत देऊळ

गोव्यात राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे आले की तिसऱ्या रात्री जेवताना एक वाक्य येतंच. तोवर मिरामार झालेलं असतं, मंगेशी-शांतादुर्गा झालेली असते, जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये मान वर करून छत बघून झालेलं असतं. मग सोलकढीची वाटी खाली ठेवत कुणीतरी म्हणतं, "उद्या जरा शांत ठिकाणी जाऊया. गर्दी नको. झाडी हवी, पाणी हवं, आणि देऊळ असलं तर काय, दुधात साखर." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. बारा माणसं समुद्रावर नेणं सोपं आहे, तिथे समुद्रच इतका गाजतो की आपलं काही ऐकू येत नाही. बारा माणसं घेऊन शांततेला जाणं म्हणजे ताशे वाजवत मौनव्रताला बसणं.

झाडी, पाणी, देऊळ आणि गर्दी नको, या चारही अटींत बसणारं ठिकाण म्हणजे तांबडी सुर्ला. धारबांदोडा तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या रानात, गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं दगडी देऊळ आहे. बारावं-तेरावं शतक धरतात. पणजीहून सुमारे 65 किलोमीटर. आकडा ऐकून पाहुणे म्हणतात, "मग काय, तासाभरात पोचू." पुण्या-मुंबईच्या माणसाला पासष्ट किलोमीटर म्हणजे हायवे दिसतो. फोंड्यापर्यंत ते खरंही वाटतं. पुढे मोलेपर्यंत बेळगावला जाणारे ट्रक तुमचा वेग ठरवतात आणि मोलेजवळ डावीकडे आत वळलात की वळणं ठरवतात. पावणेदोन ते दोन तास धरा, उलट्या वेगळ्या.

आधी पत्त्याचं बघू, कारण पहिली चूक इथेच होते. फोनच्या नकाशात नुसतं 'सुर्ला' लिहू नका. गोव्यात सुर्ला एक नाही. एक डिचोली तालुक्यात आहे, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या माथ्यावर आहे, आणि आपलं हे तांबडी. नकाशाला बिचाऱ्याला तुमच्या मनातलं देऊळ कसं कळणार? तो जवळचं नाव उचलतो आणि गोड आवाजात तुम्हाला भलत्याच तालुक्यात सोडतो. 'तांबडी सुर्ला महादेव मंदिर' असं पूर्ण लिहा आणि नकाशा घरीच उतरवून ठेवा, कारण रानात शिरल्यावर रेंज जाते. मग रस्ता विचारायचा तो माणसाला. उत्तर येतं, "नीट मुखार वचात, लागींच आसा." म्हणजे सरळ पुढे जा, जवळच आहे. यातला 'लागींच' नीट समजून घ्या. गोव्याच्या गावात लागीं म्हणजे हाकेच्या अंतरापासून सात किलोमीटरपर्यंत काहीही. सांगणाऱ्याचा दोष नाही, त्याला रोजची सवय असते.

आता निघण्याची वेळ. इथे गणित पक्कं हवं. देवळात नऊच्या आधी पोचलं तर शांतता मिळते. नंतर सहलीच्या बसेस येतात आणि तीन शाळांचे मिळून एकशेवीस आवाज त्या दगडावर आपटून परत येतात. नऊला पोचायचं तर पणजीतून साडेसहाला निघायला हवं, म्हणून पाहुण्यांना पाच सांगायचं. बारा माणसांत न्हाणीघर एक असेल तर माणशी दहा मिनिटं, म्हणजे दोन तास इथेच गेले. त्यात एक काका असतात ज्यांना "सकाळी वेळ लागतो". त्यांना आदल्या रात्री इसबगोल द्या आणि चारला उठवा. एक मावशी असतात ज्या गाडीत बसल्यावर गॅस बंद केला का हे बघायला परत उतरतात. त्यांना आधीच स्वयंपाकघरात नेऊन नॉबला हात लावायला लावा, आणि साक्षीदार ठेवा.

सामानाचं सांगतो, कारण यात कंजुशी केली की दिवस वाया जातो. देवळापाशी हॉटेल मिळेल या भरवशावर कधी जाऊ नये. घरी माणूस तीन पोळ्या खातो. तोच माणूस झाडाखाली बसला की पाच खातो आणि वर "भूकच नव्हती" म्हणतो. म्हणजे बाराजणांना साठ पोळ्या. भाजी सुकी घ्या, बटाट्याची किंवा चवळीची. पातळ भाजी वळणावर डब्यातून निघून पिशवीत जाते, पिशवीतून सीटवर आणि सीटवरून कुणाच्या तरी नव्या कुर्त्यावर. दही नेऊ नका. केळी न्या, पण ती कुठे ठेवायची ते पुढे सांगतो. पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे चोवीस लिटर. लोक वीस लिटरचा जार उचलतात आणि खूश होतात. मग रानात कळतं की नळ नसलेल्या जारमधून ग्लास भरायला दोन माणसं लागतात आणि तिसऱ्याची आंघोळ होते. त्यापेक्षा पाच-पाच लिटरचे कॅन बरे. पेट्रोल फोंड्यातच भरा. सुट्टे पैसे खिशात ठेवा, कारण रेंजच नसेल तर स्कॅन करून पैसे देणार कसे? शहाळेवाला ते चौकोनी चित्र दाखवतो, तुम्ही फोन आकाशाकडे धरता, आणि दोघं एकमेकांकडे बघत उभे राहता.

देवासाठी नारळ, फुलं, बेलाची पानं, वात आणि तेल हे सगळं घरूनच. नारळाची शेंडी घरीच काढा. आणि नारळ फोडायला कोरीव दगड दिसला म्हणून तिथे आपटू नका. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित देऊळ आहे. आठशे वर्षं टिकलेली कडा तुमच्या नवसापायी जायला नको.

फोंड्यात चहा-पाव होतो. उंडो म्हणजे गोल पाव आणि पातळ भाजी, वर मिरची भजी. चहावर चहा होत जातो आणि इथेच अर्धा तास जातो. एक सूचना मात्र निक्षून: इथल्या न्हाणीघरात सगळ्यांनी जाऊन यावं. "मला नाही लागली" असं म्हणणारा माणूसच पुढे मोलेच्या रानात पहिल्यांदा गाडी थांबवतो. आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी फोंड्यात पोचून घेऊन उपयोग नाही. ती निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. वळण सुरू झाल्यावर गिळलेली गोळी पोटात विरघळण्याऐवजी बाहेर दिसते. अशा माणसाला पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवा आणि नजर दूर रस्त्यावर ठेवायला सांगा. पण पुढच्या सीटवर आधीच काका बसलेले असतात. त्यांना "पाय पसरायला जागा लागते".

मुख्य रस्ता सोडून आत शिरलं की काच खाली करा. एसी बंद. कुळागरांचा, म्हणजे सुपारीच्या सरळ बागांचा ओला वास, मग हळूहळू दोन्ही बाजूंनी रान अंगावर येतं. मोलेचं राष्ट्रीय उद्यान धरून या अभयारण्याचा पसारा 240 चौरस किलोमीटर आहे. गव्यांपासून शेकरूपर्यंत सगळे इथले रहिवासी आहेत. दिसत कुणी नाही, कारण गाडीत मागच्या सीटवर अंताक्षरी चालू असते. 'म' वरून गाणं आठवेना म्हणून एक आत्या इतक्या जोरात "मऽऽ" म्हणतात की झाडावरचा धनेशही जागा बदलतो.

गाडी लावली की थोडं चालायचं. मग झाडी एकदम बाजूला होते आणि समोर हिरवळीवर ते देऊळ येतं. पाहुण्यांचा पहिला उद्गार ठरलेला: "एवढंसंच?" होय, एवढंसंच. गोव्यातली देवळं बघून आलेला माणूस रंगीत घुमट, दीपमाळ, झुंबरं, चांदीचा दरवाजा यांची वाट बघत असतो. इथे त्यातलं काही नाही. करड्या-काळ्या दगडाचं एक बसकं, घट्ट मुठीसारखं बांधकाम आहे. गोव्यातली घरं ज्या तांबड्या चिऱ्यांची असतात तो हा दगड नव्हे, तो बाहेरून आणलेला. कुणी बेसाल्ट म्हणतो, कुणी शंखजिऱ्याच्या जातीचा म्हणतो. यावर गटातल्या दोन इंजिनियरांचा वाद सुरू होतो. तो चालू द्या, त्यामुळे ते दोघं फोटोच्या आड येत नाहीत.

फोटो काढून लगेच फिरू नका, कारण खरं बघण्यासारखं सगळं जवळ गेल्यावर आहे. नंदीमंडप, मग अंतराळ म्हणजे गाभाऱ्याआधीची जागा, मग गाभारा, असं तीन पावलांचं देऊळ. पुढच्या मंडपावरचे दगडी उतार साधे आहेत, कोरीवकाम आत आहे. मध्ये चार खांब, त्यांवर हत्ती आणि साखळ्या कोरलेल्या, आणि वर मान केली की छतात दगडाचं कमळ. या चार खांबांच्या मधोमध नंदी बसलाय. त्याला डोकं नाही. मुलं विचारतात, "काका, त्याचं तोंड कुठे गेलं?" आणि प्रत्येक मोठा माणूस वेगळं उत्तर देतो, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. डोकं नसलं तरी नंदी गाभाऱ्याकडेच बघतो आहे हे मात्र कळतं, खांद्यांवरून आणि गळ्याच्या वळणावरून. आता खांबांच्या तळाशी वाका. एका खांबाच्या पायथ्याला हत्ती घोड्याला पायाखाली चिरडताना कोरला आहे. कदंबांचं चिन्ह म्हणून तो दाखवतात. तळहाताने झाकता येईल एवढंसं शिल्प, म्हणून दहातली नऊ माणसं त्याच खांबाला टेकून फोटो काढतात आणि पायाशी काय आहे ते बघतच नाहीत. कदंबांचा सिंह मात्र गोव्यात सगळ्यांना पाठ आहे, कारण तो गोव्याच्या सरकारी कदंबा बसवर 1980 पासून धावतोय.

शिखर बघा. तीन थरांचं आहे आणि माथा अपुरा. पूर्ण झालाच नाही की नंतर उतरवला गेला, यावर इंजिनियरांचा वाद आता नव्या विषयावर सरकतो. देऊळ वाचलं कसं हा मात्र वाद नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देस, सासष्टी या तालुक्यांतली देवळं पाडली आणि लोकांनी रातोरात देव नदीपलीकडे फोंड्याकडे नेले. हे इतकं आत, इतकं घाटाच्या कुशीत होतं की तिथवर कुणी आलंच नाही. म्हणजे तुम्हाला गाडी लागली, रेंज गेली, रस्ता चुकला, या ज्या सगळ्या अडचणी आहेत त्यांच्याच जोरावर हे देऊळ उभं राहिलं. माझी तक्रार तरीही कायम आहे, पण ती मी तिथे आवाज खाली ठेवून करतो.

देऊळ पूर्वेला तोंड करून आहे आणि उगवतीची किरणं पिंडीवर पडावीत अशी योजना सांगतात. हे ऐकून एक उत्साही भाचा "उद्या पहाटे सूर्योदयाला येऊ" म्हणतो. त्याला सांगा की पूर्वेला घाट उभा आहे. कॅलेंडरातला साडेसहाचा सूर्य तो डोंगर चढून इथे पोचेपर्यंत तुमचा दुसरा चहा होतो. गाभाऱ्यात अंधार असतो. तिथे मोठा नाग राहतो असं गावात सांगतात. या माहितीचा उपयोग असा की ती हळू आवाजात सांगितली की मुलं कुठेही पळत नाहीत.

आता शांतता. ती येते, खरंच येते, पण तिला मोजकी मिनिटं मिळतात. पायताणं काढलेली असतात, गार दगड तळव्यांना लागतो (अकरानंतर हाच दगड तव्यासारखा तापतो आणि प्रदक्षिणा धावत होते), तेलाची वात लावलेली असते. बाराजण एकाच वेळी हात जोडतात आणि कुणालाच काही सुचत नाही. तेवढ्यात नदीच्या बाजूने शीळ येते. एखादा पोरगा रमतगमत, सूर विसरत, पुन्हा आठवत शीळ घालतोय असं वाटतं. तो मलबारी कस्तूर, निळाकाळा पक्षी, ओढ्याकाठी राहणारा. सगळे ऐकतात. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं, चाळीस सेकंद. मग काका म्हणतात, "व्वा, काय शांतता आहे हो!" आणि ती संपते. लगेच दुसरे म्हणतात, "अगदी. मनाला कसं बरं वाटतं." तिसरे यावर हिमालयातल्या शांततेचा दाखला देतात. शांततेवरची ही चर्चा वीस मिनिटं चालते. मधूनच एक जण हिरवळीच्या कडेने फोन डोक्यावर धरून हिंडत असतो. त्याला रेंज हवी असते, घरच्या ग्रुपवर 'शांत ठिकाणी आहोत' असं कळवायला.

देवळाशेजारून नदी वाहते. रगाडो म्हणतात तिला. खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत. पाणी नितळ, तळाचे गोटे मोजता येतात, आणि फसगत इथेच आहे. हिरवट दिसणारा गोटा शेवाळाचा, त्यावर पाय ठेवायचा नाही. कोरडा पांढुरका गोटाही डुलत नाही ना, हे आधी टाचेनं दाबून बघायचं. रबरी सपाट चपला इथे कामाच्या नाहीत, मागे पट्टा असलेली सँडल बरी. घोट्यापर्यंत पाणी पुरे. घाटावर पाऊस पडत असेल तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं. ते आधी गढूळ होतं, मग पानं-काटक्या वाहून येतात. पानं दिसली की "अजून दोन मिनिटं" नाही, तत्काळ वर. पुढे धबधब्याकडे जाणारी वाट आहे, पण पावसाळ्यात तिथे जायचं तर आदल्या दिवशी वनखात्याकडे चौकशी करूनच. आणि बाराजणांना घेऊन नाहीच. जाताना बारा होते, येताना अकरा मोजले, मग लक्षात आलं की मोजणारा स्वतःला मोजायचा राहिला, असा धसका एकदाच पुरतो.

जेवण. डबे उघडण्याआधी वर बघा. माकडं आधीच येऊन बसलेली असतात, ती तुमच्याआधी तुमचा मेनू जाणतात. केळी पिशवीत नाही, गाडीत, काच पूर्ण वर करून, सीटखाली. प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज झाला की माकड उतरतं, म्हणून डबे स्टीलचे आणि कापडात बांधलेले. एखादं जवळ आलंच तर त्याच्या डोळ्याला डोळा देऊ नका आणि दात दाखवून हसू नका, त्याला ती धमकी वाटते. मावशी मात्र "बिचारं उपाशी असेल" म्हणून अर्धी पोळी टाकतात. मग उरलेल्या साडेएकोणसाठ पोळ्यांची जबाबदारीही मावशींवर. खरकटं, केळ्याची सालं, नारळाची करवंटी, सगळं पिशवीत भरून परत. रानात ते कुजतं हे खरं, पण त्याआधी माकडं शिकतात.

आणि आता जळवा. चतुर्थीनंतर पाहुणे येतात, पाऊस सरत आलेला असतो, रान ओलं असतं, म्हणजे जळवांचीही सुट्टीच. हिवाळा कोरडा पडला की त्या दिसत नाहीत, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी विजारीचे पाय मोज्यात खोचा. शोभा जाते, रक्त वाचतं. मीठ जाड्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून मोज्यांवर आणि बुटाच्या फटींवर दाबून ठेवा. गवतात उभं राहून गप्पा मारू नका, चालत राहा. जळू पानाच्या टोकाला उभी राहून डोलत असते, श्वासाची ऊब आणि पावलांचा हादरा कळला की वाकून चिकटते. सुतळीच्या तुकड्याएवढी असते, प्यायली की करंगळीएवढी होते. चावताना कळत नाही. म्हणून "मला कुठे काय, मी तर ठीक" म्हणणाऱ्या माणसाचीच तपासणी आधी करा. चिकटलेली सापडली तर ओढून तोडू नका. नखाची कड कातडीला लावून आधी तिचं बारीक टोक सरकवा, मग जाड टोक, आणि लगेच बोटाने टिचकी मारून लांब फेका, नाहीतर ती बोटाला धरते. चिकटलेल्या जळवेवर काडी पेटवू नका, मीठही टाकू नका, ती पोटातलं जखमेतच ओकते. सुटल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. साबण-पाण्याने धुवा, कापूस दाबून धरा, घाबरू नका. दुखत नाही. पांढरा सलवार-कमीज घातलेल्या वहिनींना मात्र हे काहीही समजावता येत नाही.

परतीला गाडीत सगळे गप्प असतात. दिवसातली सगळ्यात मोठी शांतता ही, मोलेपासून फोंड्यापर्यंत, बाराच्या बारा झोपलेले, फक्त ड्रायव्हर जागा, आणि तो बोलत नाही. काकांची मान काचेवर आपटते तेवढाच आवाज. फोंड्यात चहाला उतरताना मोजे उलटे करून झटका. टाचेपाशी, शिवणीत बघा. तिथे अजून एक असते.